मा फोंसीने विकलेले कंकण

गुड फ्रायडेच्या दुपारी बरोबर बारा वाजता मा फोंसीने काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेतले, त्यात एका अंड्याचा पांढरा भाग अलगद सोडला आणि तो पेला उन्हात, दाराच्या पायरीवर ठेवला. आमच्या बेटावर त्या दिवशी पुष्कळ घरांत असे करतात. उन्हाने तो पांढरा भाग धाग्याधाग्याने वर चढतो आणि त्याला काही एक आकार येतो. त्या आकारावरून पुढच्या वर्षात काय वाढून ठेवले आहे ते वाचायचे असते.

तिची भाची इवेल्डा पेल्यावर वाकली आणि म्हणाली, "मावशी, मला पेटी दिसते. लांबट. माणसाला ठेवतात तसली."

"पेटी कसली? डोळे तपासून घे. जहाज आहे ते. ही बघ शिडं."

"आताच्या जहाजांना शिडं असतात होय?"

"देवाने नवी जहाजं पाहिली नसतील अजून," मा फोंसी म्हणाली आणि हसली. मात्र नेहमीप्रमाणे पेला संध्याकाळपर्यंत तिथे न ठेवता तिने तो लगेच लिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला. जहाज दिसणे हे तिच्यासारखीला शुभच होते, कारण जहाजांवरच तिचे पोट चालत होते. शुभ आकार दिसला की त्या पाण्यात हात बुडवायचा असतो. तरीसुद्धा तिने तो बुडवला नाही, ही गोष्ट इवेल्डाच्या लक्षात राहिली.

तिचे पूर्ण नाव अल्फोन्सीन लारोक. वय चौसष्ट. जन्म पूर्व किनाऱ्यावरच्या ला प्लेन गावातला. तरुणपणी ती केळ्यांच्या वखारीत काम करत असे. घड धुणे, फण्या कापणे, खोक्यांत भरणे, असे तिने अठरा वर्षे केले. पुढे परदेशाने आमची केळी घेणे कमी केले, वखार बंद पडली, आणि मा फोंसी डोक्यावर एक टोपली घेऊन रोझो शहरात आली. त्याच सुमारास प्रवाशांची मोठी जहाजे धक्क्याला वारंवार लागू लागली होती. बंदरासमोरच्या रस्त्यावर, बदामाच्या झाडाखाली तिने आपली टोपली ठेवली. त्या गोष्टीला आता बावीस वर्षे झाली होती.

ती बियांचे दागिने करून विकत असे. तिच्याकडे मुख्यतः दोन प्रकारच्या बिया असत. एक अश्रूबी. ही करड्या-पांढऱ्या रंगाची, गुळगुळीत, आणि तिला निसर्गानेच आरपार भोक दिलेले असते. दात येणाऱ्या मुलांच्या गळ्यात आमच्याकडे हिचीच माळ घालतात, आणि ती मुलांनी चावली तरी कोणी लक्ष देत नाही. दुसरी गुंज. लालभडक अंग आणि एका टोकाला काळा डोळा. आमच्या बोलीत तिला गिर्जाघराची बी म्हणतात, कारण जुन्या बायका तिच्याच जपमाळा ओवत.

गुंज सबंध असेल तर निरुपद्रवी असते. तिचे कवच इतके कठीण असते की मुलाने गिळली तरी ती जशीच्या तशी बाहेर पडते. परंतु भोक पाडलेली गुंज ही वेगळी वस्तू आहे. मा फोंसी सात वर्षांची असताना एका रविवारी तिच्या आईची जपमाळ तुटली. सगळ्या बिया वेचल्या असे सर्वांना वाटले. एक राहिली होती. ती तिच्या दोन वर्षांच्या भावाला, आन्सेल्मला, सापडली आणि त्याने ती चावली. त्या दिवशी तो अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होता, हसत होता, पोटभर जेवला, आणि म्हणून कोणी घाबरले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी शेजारच्या सुताराने मोजमाप घ्यायला दोरी आणली.

तेव्हापासून तिच्या घरात नियम होता. भोक पाडताना अंगठ्याला चामडे बांधायचे. काम झाल्यावर हात तीनदा साबणाने धुवायचे. रांगते मूल असलेल्या घरी ओवलेली गुंज द्यायची नाही. प्रत्येक कंकणात दहाच बिया ओवायच्या, जपमाळेतल्या दहा मण्यांच्या एका गटाइतक्या, म्हणजे एखादी पडली तर ती ताबडतोब कळते. हे सर्व तिने इवेल्डाला शिकवले होते आणि इवेल्डाने कधी कुचराई केली नव्हती.

मग ती गुंजांची कंकणे विकत तरी का होती, असे कोणी विचारील. तिने स्वतःची समजूत घातली होती. जहाजावरचे लोक वयस्क असत, थंड देशांतले असत. ते कंकण घरी नेऊन भिंतीवर टांगत किंवा कपाटात ठेवत. शिवाय तेच त्यांना आवडे. अश्रूबीच्या माळेवरून त्यांची नजर घसरून जाई आणि लाल रंगावर येऊन थांबे.

आणि त्यांना रंगाबरोबर गोष्ट हवी असे. मा फोंसीला हे पहिल्याच वर्षी कळले होते. नुसती वस्तू हातात घेऊन ते परत ठेवत. गोष्ट ऐकली की पाकिटाकडे हात जाई.

हंगामातले शेवटचे जहाज ईस्टरनंतरच्या मंगळवारी आले. सकाळी लोकांनी दारे उघडली तेव्हा समुद्राच्या जागी एक पांढरी भिंत उभी होती. जहाज इतके उंच होते की बदामाच्या झाडाखालून क्षितिजच दिसत नव्हते. वारा पूर्ण पडला होता. धक्क्याच्या खांबांवर एरवी भांडणारे पाणपक्षी त्या दिवशी एकाच दिशेला तोंड करून बसले होते.

"मा, आज तुझे पक्षी चर्चमध्ये मिस्साला बसल्यासारखे बसलेत बघ," शेजारचा बार्थ म्हणाला. बार्थ हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, अखंड बडबड करणारा माणूस. तो चुंबक लावलेली चित्रे, टोप्या आणि कापडी पिशव्या विकत असे, आणि त्यांपैकी एकही वस्तू बेटावर झालेली नव्हती.

"तू गप्प बसशील तर त्यांना प्रवचन तरी ऐकू येईल," मा फोंसीने उत्तर दिले.

अकराच्या सुमारास एक बाई आली. साठीची असावी. उन्हाने लाल झालेला चेहरा, डोक्यावर गवती टोपी आणि टोपीला पिवळी फीत. तिने बार्थच्या सगळ्या वस्तू उलटसुलट करून पाहिल्या आणि उसासा टाकला.

"हे आमचं सातवं बंदर," ती म्हणाली. "प्रत्येक बंदरावर एकच वस्तू घ्यायची, पण लक्षात राहील अशी, असं मी ठरवलंय. आणि सगळीकडे तेच ते. तेच शंख, तेच कासव. फक्त गावाचं नाव बदललेलं."

"गावाचं नाव तरी बरोबर लिहिलंय ना बाई? मग झालं की!" बार्थ म्हणाला.

बाई मनापासून हसली आणि मा फोंसीकडे वळली. "तुमचं, अगदी तुमचं, असं काय आहे तुमच्याकडे?"

मा फोंसीने आधी अश्रूबीची माळ पुढे केली. हे मी मुद्दाम नमूद करतो. बाईने ती बोटांवरून फिरवली, "छान आहे, पण जरा फिकी," असे म्हणाली आणि परत ठेवली. मग तिला कंकण दिसले.

"ही! ही कसली बी?"

"कोणासाठी घेताय?" मा फोंसीने विचारले.

"नातवासाठी. त्याच्यासाठी एक पेटी करतेय मी. सात बंदरं, सात वस्तू."

नातवासाठी सगळेच घेत. बावीस वर्षांत असा नातू कोणी बरोबर आणला नव्हता. तो कुठेतरी दूर, बर्फाच्या गावात, शाळेत जात असे. मा फोंसीने कंकण बाईच्या तळहातावर ठेवले आणि हजार वेळा सांगितलेली गोष्ट सांगितली.

"आमच्याकडे मूल जन्मलं की आठव्या दिवशी ही बी त्याच्याजवळ ठेवतात. हा काळा डोळा बघता ना? हा कधी मिटत नाही. बाळ झोपलं तरी हा जागा. वाईट नजर आली की पहिली याच्यावर येऊन अडते, बाळापर्यंत पोचत नाही."

"किती सुंदर!" बाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. तिने घासाघीस न करता दहा अमेरिकन डॉलर दिले आणि कंकण पिशवीत न ठेवता हातातच धरून ती निघून गेली.

गोष्ट खरी होती. फक्त ती अर्धी होती. बाळाजवळ ठेवायच्या गुंजा सबंध असतात, त्यांना सुई लागलेली नसते. त्या निळ्या कापडाच्या पुरचुंडीत घालून दुहेरी टाक्याने शिवतात, आणि पुरचुंडी सदऱ्याच्या पाठीला लावतात, जिथे बाळाचा हात पोहोचत नाही. हा उरलेला भाग आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, कारण तो ठाऊक नसलेला माणूस बेटावर भेटत नाही. बावीस वर्षे मा फोंसी गोष्ट जिथे संपवत होती, तिथेच तिने ती त्याही दिवशी संपवली.

दुपारी तीन वाजता इवेल्डा घरून डब्यात दाशीनच्या कंदाचे उकडलेले तुकडे आणि खारा मासा घेऊन आली. बार्थ न बोलावता येऊन बसला.

"मा, तुझी ती पिवळ्या फितीची बाई भारी खुशीत होती हं," तो मासा तोंडात टाकत म्हणाला. "मघाशी धक्क्याच्या फाटकापाशी भेटली. लेक बरोबर होती, आणि गाडीत गुटगुटीत बाळ. सगळ्यांना दाखवत होती."

मा फोंसीचा हात डब्यावरच थांबला. "कसलं बाळ?"

"नातू गं तिचा. सात-आठ महिन्यांचा असेल. तुझं कंकण बांधलं होतं त्याच्या मनगटाला, दोन वेढे देऊन. लेकाचा काय चोखत होता ते! लाळेने सगळी छाती भिजवली होती."

बार्थचे चघळणे मंदावले.

"मा... ती गुंज होती? ओवलेली?"

"तू बघितलंस आणि तसाच आलास?" इवेल्डा ओरडली.

"मी लांबून बघितलं गं! लाल दिसलं एवढंच. मला वाटलं, मा फोंसीने विकलंय म्हणजे सांगितलं असेल. तुला नसतं वाटलं?"

मा फोंसी उठली. तिने चपला घातल्या नाहीत. जहाज साडेचारला सुटणार होते आणि चारनंतर खालचा कोणी वर जाऊ शकत नसे. ती रस्ता ओलांडून फाटकाकडे चालू लागली. धावायचे वय राहिले नव्हते, परंतु पाहणाऱ्यांनी सांगितले की तिच्यासाठी गाड्या आपण होऊन थांबल्या.

फाटकावर पहाऱ्याला सिल्व्हन होता. तोही ला प्लेनचा, तिच्या मैत्रिणीचा मुलगा, आणि तिला लहानपणापासून ओळखणारा. तिने त्याला दोन वाक्यांत सर्व सांगितले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला, कारण त्यालाही पुरचुंडीची गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. त्याने रेडिओवरून जहाजाच्या अधिकाऱ्याला बोलावले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मा, एक ऐक. वस्तू बदलून द्यायची आहे, चुकीची गेली, एवढंच सांग. 'विष' हा शब्द काढू नकोस. तो एकदा वर गेला की उद्या बंदराचं ऑफिस सगळ्यांच्या टोपल्या उचलेल. तुझीच नाही, सगळ्यांची."

तोपर्यंत मागे दहा-बारा विक्रेते जमले होते. बार्थ धापा टाकत होता. "बरोबर सांगतोय तो. मा, मुलाबाळांचे घास आहेत गं इथे."

"तिथेही एक मूल आहे," मा फोंसी म्हणाली.

अधिकारी आला. पांढरा गणवेश, वय तिशीच्या आत, चेहऱ्यावर सराईत हसू. "बोला बाई. काय परत हवंय?"

"लाल बियांचं कंकण. एका बाळाच्या हातात आहे."

"प्रवाशाचं नाव?"

"माहीत नाही."

"खोली नंबर?"

"टोपीला पिवळी फीत आहे. बरोबर लेक आहे, आणि बाळ."

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. "बाई, वर तीन हजार माणसं आहेत. वस्तू बदलायची असेल तर पत्ता ठेवून जा, आम्ही चौकशी करू."

मा फोंसीने एकदा मागे पाहिले. बावीस वर्षांचे शेजारी तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्यातल्या एकीने, जी तिच्या शेजारच्या बाकावर प्रार्थनेला बसत असे, नकारार्थी मान हलवली. मा फोंसी पुन्हा अधिकाऱ्याकडे वळली.

"ते विष आहे," ती म्हणाली. "बाळाने एक बी चावली तर बाळ मरतं. मी ते विकलं. माझं नाव अल्फोन्सीन लारोक. लिहून घ्या आणि वर धावा."

त्याचे हसू गेले. तो खरोखरच धावला.

त्यानंतरचा अर्धा तास ती फाटकाच्या जाळीला धरून उभी होती. वरच्या मजल्यांवरून प्रवासी खाली पाहत होते. अनवाणी, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी त्यांना चित्रासारखी वाटली असावी. काहींनी तिचे फोटो काढले. एका मुलीने हात हलवला. मा फोंसी एकेक टोपी पाहत होती. भोंगा एकदा वाजला, आणि इतका वेळ न हललेले ते पक्षी सगळे एकदम उडाले.

चार वाजून वीस मिनिटांनी एक खलाशी शिडी उतरून आला. त्याच्या हातात पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत कंकण.

"मिळालं!" सिल्व्हन ओरडला. मागे कोणीतरी टाळी वाजवली.

"त्या बाईंनी तुमचे आभार मानलेत," खलाशी म्हणाला. "काळजी करू नका. बाळ अगदी ठीक आहे. आत्ताच दूध पिऊन झोपलं."

"हसत होतं का?" मा फोंसीने विचारले.

"हो तर. छान हसत होतं."

तिने पिशवी घेतली. खलाशी परत गेला आणि शिडी वर ओढली जाऊ लागली. तिने पिशवीवरूनच, बोटाने, एकेक बी सरकवत मोजली. मग पुन्हा उलट दिशेने मोजली. दोरा ओला होता. गाठीपाशी तो दाताखाली आल्यासारखा पिंजला होता.

बिया नऊ होत्या.

"सिल्व्हन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की त्याला तो आधी ऐकूच आला नाही. "त्यांना सांग, दहा होत्या. एक कमी आहे. बाळाच्या गादीत बघा, गाडीत बघा, आईच्या कपड्यांत बघा. आणि सापडली नाही तर डॉक्टरला उठवा. आजच. उद्या नाही. बाळ हसत असलं तरीही."

सिल्व्हनने ते शब्द जसेच्या तसे रेडिओवर सांगितले. थोडा वेळ खरखर झाली. मग कोणीतरी म्हणाले, "संदेश मिळाला." एवढेच. भोंगा तीनदा वाजला, पांढरी भिंत बाजूला सरकली आणि तिच्या मागे समुद्र पुन्हा दिसू लागला.

पुढच्या आठवड्यात बंदराच्या ऑफिसने लाल बियांवर बंदी घातली आणि सर्वांच्या टोपल्यांची झडती घेतली. पुष्कळांनी मा फोंसीशी बोलणे टाकले. बार्थने टाकले नाही, पण तो तिच्यापाशी बसला की त्याला विनोद सुचेनासे झाले. सिल्व्हनने जहाजाच्या कंपनीला दोन पत्रे पाठवली. प्रवाशांची माहिती बाहेर देता येत नाही, असे उत्तर आले. हंगाम सुरू झाल्यावर ते जहाज पुन्हा लागले तेव्हा मा फोंसी फाटकापाशी गेली, परंतु अधिकारी बदलला होता. नव्याला काही ठाऊक नव्हते.

"मावशी," इवेल्डा एकदा म्हणाली, "ते कंकण मी ओवलं होतं. मला आता वाटतं, नऊच ओवल्या असतील. चुकून. त्या दिवशी घाई होती."

मा फोंसीने भाचीकडे पाहिले. "तू कधी नऊ ओवल्या आहेस?"

इवेल्डाने मान खाली घातली.

पुढच्या गुड फ्रायडेला बारा वाजले, तेव्हा मा फोंसीने अंडे उकडले आणि खाऊन टाकले.

आजही ती रोज सकाळी टोपली मांडण्यापूर्वी बदामाच्या झाडापासून फाटकापर्यंत चालत जाते आणि परत येते. हातात काठी असते आणि नजर जमिनीवर. फरशांच्या फटी, गटाराची जाळी, झाडांची आळी, सर्व ती काठीच्या टोकाने उकरून पाहते. बाई कंकण हातात धरून याच वाटेने गेली होती आणि गाडीही इथूनच गेली होती, म्हणजे ती दहावी बी इथेच कुठेतरी पडली असणे शक्य आहे. आजवर तिला तीन गुंजा सापडल्या. डोंगरातून येणाऱ्या ओढ्याबरोबर त्या वाहत येतात. प्रत्येक वेळी तिने ती बी उचलली, रुमालाने पुसली आणि उजेडाकडे धरून पाहिली.

तिन्ही सबंध होत्या. एकीलाही भोक नव्हते.